कंट्रोल कुठे लावायचा नाही

हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानातून वाट काढायची, ठरवून दिलेली ठिकाणं, म्हणजे कंट्रोल, एकापाठोपाठ गाठायची आणि कमीत कमी वेळात परत यायचं, हा ओरिएंटिअरिंगचा खेळ. दोन ठिकाणांमधला रस्ता कुणी आखून देत नाही, तो ज्याचा त्याने शोधायचा. 1897 साली नॉर्वेत ऑस्लोजवळ या खेळाची पहिली जाहीर स्पर्धा झाली, तेव्हा मैदानात आठ जण होते. 1961 मध्ये कोपनहेगनला दहा देशांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला आणि 1966 मध्ये फिनलंडच्या फिस्कार्स गावी पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा भरली. आज स्वीडनमध्ये दरवर्षी पाच दिवस चालणाऱ्या ओ-रिंगेन स्पर्धेला देशोदेशींची हजारो माणसं येतात.

एवढी माणसं रानात न्यावीत का, आणि न्यायची तर कशी, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. ते नीट मांडता यावेत म्हणून हा संवाद. यातली आत्या महाराष्ट्राच्या वनविभागात उभं आयुष्य काढून निवृत्त झाली आहे. भाचा स्वीडनमध्ये नोकरी करतो आणि तिथल्या क्लबसाठी स्पर्धांचे मार्ग आखतो. रानावर दोघांचाही जीव आहे, आणि वादाचं मूळही तेच आहे.

आत्या : तू पाठवलेले फोटो पाहिले. माणसंच माणसं! आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर प्राणिगणना व्हायची, तेव्हा एकेका मचाणावर दोन-तीन माणसं बसवायचो आणि वर चढण्याआधी बजावायचो, खोकलासुद्धा आवरा. आणि तुम्ही शेकड्यांनी माणसं रानात पळायला सोडता. हे मला पटत नाही.

भाचा : ते सगळे एकदम सुटत नाहीत, आत्या. जागतिक स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीत तीन-तीन मिनिटांनी एकेक धावपटू निघतो, मध्यम पल्ल्यात दोन मिनिटांनी आणि स्प्रिंटमध्ये एका मिनिटाने. सगळ्यांसाठीच्या स्पर्धांमध्ये वयोगट आणि तयारी पाहून मार्ग वेगवेगळे असतात. लहान मुलांचा मार्ग पायवाटेला धरून जातो, अनुभवी माणसाला आम्ही आडरानात नेतो. त्यामुळे माणसं रानभर पांगतात.

आत्या : तीन मिनिटांचं अंतर मागच्याने पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून धावू नये म्हणून ठेवलंय. भेकरासाठी नाही.

भाचा : बरोबर. तो नियम न्यायासाठी आहे. पण तू समजतेस तसे आम्ही एके दिवशी नकाशे वाटून माणसं सोडत नाही. मोठ्या स्पर्धेची तयारी काही वर्षं आधी सुरू होते, आणि तिची सुरुवात जमीनमालकांच्या दारात होते. स्वीडनमध्ये कुणालाही दुसऱ्याच्या रानातून चालायचा, बेरी वेचायचा हक्क आहे. म्हणून हजारो लोकांची स्पर्धा त्या हक्कावर ढकलून द्यावी, असं मात्र होत नाही. शेतकरी, वनमालक, शिकारी मंडळी, सगळ्यांशी बसून बोलावं लागतं. मूसची शिकार कधी सुरू होते, कोणत्या कुरणात गुरं असतील, नवी रोपं कुठे लावली आहेत, हे तेच सांगतात. त्यांनी नाही म्हटलं की तो तुकडा सोडायचा.

आत्या : हे चांगलं आहे. बीटवरचा वनरक्षक जे सांगतो ते कोणत्याही फायलीत नसतं. मग त्यांच्याकडून कळलेलं उतरतं कुठे?

भाचा : नकाशावर. आणि नकाशाबद्दल तुला मी आवर्जून सांगणार आहे. तू आयुष्यभर ज्या टोपोशीटवर काम केलंस, तिचं प्रमाण 1:50,000. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर. आमचा मध्यम पल्ल्याचा नकाशा 1:10,000 चा. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर, समोच्च रेषा पाच मीटरवर. मीटरभर उंचीचा सुटा खडकसुद्धा काळ्या ठिपक्याने येतो. तपकिरी रंग जमिनीच्या उंचसखलपणाचा, निळा पाण्याचा, पिवळा उघड्या जागेचा. आणि झाडीचं रान पांढरं!

आत्या : पांढरं? रान पांढरं कसं दाखवता?

भाचा : मोकळेपणी धावता येईल असं रान पांढरं. झाडी दाटू लागली की फिका हिरवा, आणखी दाटली की गडद, आणि जिथे अंग चोरूनही शिरता येत नाही तिथे सर्वांत गडद. म्हणजे या झाडीतून माणूस किती वेगाने जाऊ शकेल हे रंग सांगतो. विमानातून लेझरने केलेल्या मोजणीवरून जमिनीचा आकार आधी मिळतो, पण झाडीची दाटी आणि कोणता खडक नजरेत भरतो हे ठरवायला नकाशा करणारा पायीच फिरतो. एकेका चौरस किलोमीटरला कित्येक दिवस जातात.

आत्या : म्हणजे तुमच्या नकाशावर रानाची किंमत धावणाऱ्याच्या सोयीने लागते. आमच्या दृष्टीने ती गडद हिरवी जाळी म्हणजे रानाचा गाभा. तिथे पिलं असतात, घरटी असतात.

भाचा : म्हणून तर धावणारा तिला टाळतो. गडद हिरव्यात शिरला तर वेळ जातो, हे नकाशाच त्याला सांगतो. नकाशा जितका अचूक, तितकी माणसं दाटीपासून लांब राहतात.

आत्या : हे मान्य. पण तुमच्या एका नियमाने मी अस्वस्थ होते. स्पर्धेचं रान तुम्ही खेळाडूंना बंद करता म्हणे. तेही वर्षानुवर्षं.

भाचा : हो. स्पर्धेची जागा जाहीर झाली की ज्यांना तिथे धावायचं आहे ते खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक, संघाची माणसं, कुणीही त्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. गावकऱ्यांना बंदी नसते. त्या भागाचा जुना नकाशा असेल तर तो मात्र सगळ्यांसाठी खुला करतात, म्हणजे एखाद्याच्या कपाटात तो आहे आणि दुसऱ्याने पाहिलेलाच नाही, असं व्हायला नको.

आत्या : तिथल्याच क्लबातली मुलं, जी त्या रानात वाढली, त्यांनीही जायचं नाही?

भाचा : त्या स्पर्धेत उतरायचं असेल तर नाही.

आत्या : हेच मला खुपतं. रान कळतं ते वारंवार गेल्याने. पावसाळ्यात पाहिलेला ओढा उन्हाळ्यात पाहावा लागतो, तेव्हा कुठे त्याचं पाणी कळतं. माझ्या हाताखालच्या वनरक्षकांना मी कक्ष क्रमांकापेक्षा झाडं ओळखायला लावायची. तुम्ही मात्र ओळख नसणं ही पात्रता करून ठेवली आहे. ज्याला ते रान माहीत आहे त्यालाच बाहेर ठेवता.

भाचा : कारण आठवण आणि वाचन यांत फरक आहे, आत्या. 2005 ची विश्वविजेतेपद स्पर्धा जपानच्या आइची भागात झाली. आशियातली ती पहिलीच. बांबू आणि तीव्र उतारांच्या त्या रानात फिनलंडचा माणूस आला, स्वित्झर्लंडचा आला. यजमान खेळाडूने त्या रानात दोन वर्षं सराव केला असता, तर त्या सगळ्यांनी एवढ्या लांबून यायचं कशाला? सुटण्याच्या क्षणी नकाशा हातात पडतो, आणि त्या क्षणी सगळे सारखेच अनोळखी असतात. या खेळात समता एवढीच आहे. ती राखणं हे यजमानाचं पहिलं काम.

आत्या : समता राखा, पण तिची किंमत कुणी दिली तेही लिहून ठेवा. ज्या गावाच्या मुलांनी आपलं रान सोडलं, त्यांना स्पर्धेनंतर काय मिळतं?

भाचा : नकाशा मिळतो. तो पुढे शाळेला आणि क्लबाला वर्षानुवर्षं पुरतो. इतक्या बारकाईने रान टिपलेला नकाशा एरवी कोणतं गाव करून घेणार?

आत्या : बरं. आता प्रत्यक्ष स्पर्धेच्या दिवशी काय करता ते सांग. मला कागदावरच्या योजनांपेक्षा त्यात जास्त रस आहे.

भाचा : एक कंट्रोल लावण्याचं सांगतो. समजा, नकाशावर एका खडकाच्या ईशान्य बाजूला जांभळं वर्तुळ आहे. पहाटे मी तिथे जातो. आदल्या दिवशी कुणीतरी तिथे खुणेची छोटी फीत बांधून ठेवलेली असते, तिच्यावर क्रमांक असतो. तो क्रमांक आणि माझ्या हातातला नकाशा जुळतो का ते बघायचं. मग खांब रोवायचा, त्यावर नारिंगी-पांढरा तीनबाजूंचा कापडी ठोकळा टांगायचा. प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटरची. वर इलेक्ट्रॉनिक पेटी. खेळाडूच्या बोटातली चिप तिच्यात घातली की पेटी वाजते, दिवा लुकलुकतो आणि वेळ नोंदली जाते. मी चाचणीची चिप घालून पाहतो, पेटीचं घड्याळ जुळतंय ना तेही पाहतो. कंट्रोलचे क्रमांक तीसच्या पुढचे, आणि त्यांतही 66, 68, 86, 99 असे वापरायचे नाहीत.

आत्या : का?

भाचा : उलटे वाचले तर दुसराच आकडा होतो. दमलेला माणूस उताराच्या वरच्या बाजूने येतो, वाकून बघतो, चुकीचा आकडा वाचतो. त्याची चूक नाही, आमची. म्हणून आधीच टाळायचं. तसंच दोन कंट्रोल तीस मीटरच्या आत कधीच नसतात. एकसारख्या खुणांवर असतील, म्हणजे दोन्ही खडक किंवा दोन्ही खड्डे, तर साठ मीटर तरी लांब. मी निघालो की दुसरा माणूस स्वतंत्रपणे तिथे जाऊन तेच तपासतो. माझ्या मागून माझ्या पावलांवर नव्हे, स्वतःच्या नकाशाने.

आत्या : आणि एवढं करूनही कंट्रोल चुकीच्या खडकाला लागला तर?

भाचा : मग खेळाडू आधी आयोजकाकडे तक्रार करतो, तिथे समाधान झालं नाही तर पंच मंडळाकडे. अन्याय मोठा असेल तर त्या शर्यतीचा निकालच रद्द होतो. कित्येक वर्षांची तयारी एका खांबामुळे पाण्यात जाऊ शकते. महासंघाने नेमलेला सल्लागार आधीपासून येऊन रान आणि मार्ग बघून जातो, तो यासाठीच.

आत्या : न्यायासाठी दोन-दोन माणसं तपासायला, वर महासंघाचा माणूस. जीवासाठी काय?

भाचा : पाणी. विजेत्याला तीस मिनिटांहून जास्त लागतील अशी शर्यत असेल, तर त्याच्या वेगाने दर पंचवीस मिनिटांच्या आत पाणी मिळालंच पाहिजे. आणि सुटलेला प्रत्येक माणूस शेवटी हिशेबात यायला हवा. अर्ध्यातून सोडून आला तरी त्याने शेवटच्या जागी येऊन नोंद करायची. चिपची नोंद नाही आणि माणूसही नाही, तर शोधपथक निघतं. निकाल जाहीर झाले, मंडप उतरले, तरी ती यादी कोरी झाल्याशिवाय आम्ही घरी जात नाही.

आत्या : हा नियम मला आवडला. आम्हीसुद्धा वणवा विझवायला गेलेली माणसं मोजल्याशिवाय परत फिरत नसू.

भाचा : खेळाडूंनीही ही रीत पाळली आहे. 2009 मध्ये हंगेरीतल्या मिश्कोल्त्सला विश्वविजेतेपदाची रिले चालू होती. शेवटच्या टप्प्यात आघाडीच्या धावपटूंमधला स्वीडनचा मार्टिन योहान्सन पडला आणि एक फांदी त्याच्या मांडीत खोल घुसली. फ्रान्सचा थिएरी ग्योर्ग्यू, नॉर्वेचा आंदर्स नूर्दबर्ग आणि चेक प्रजासत्ताकाचा मिखाल स्मोला, तिघेही पदकाच्या शर्यतीत होते. तिघेही थांबले. जखम बांधली, मदत आणली. सुवर्णपदक स्वित्झर्लंडला गेलं. या तिघांना त्याबद्दल कुणी बोल लावला नाही.

आत्या : माणसं चांगलीच आहेत रे, त्याबद्दल माझी शंका नाही. पण माणूस पडला तर तीन जण थांबले. सशाचं बीळ तुडवलं गेलं तर कोण थांबणार? तिथे तक्रार कोण करणार, पंच कोण?

भाचा : म्हणूनच काही लोक म्हणतात, खेळ शहरात न्या. 2014 मध्ये व्हेनिसच्या गल्ल्यांमध्ये विश्वविजेतेपदाची स्प्रिंट झाली. आता एक आड एक वर्ष स्पर्धा वाटून दिल्या आहेत. 2024 मध्ये एडिनबराला शहरातल्या शर्यती, 2025 मध्ये फिनलंडच्या क्वोपिओला रानातल्या. शहरात प्रेक्षक येतात, कॅमेरे येतात, 1:4,000 च्या नकाशावर बारा-पंधरा मिनिटांत निकाल लागतो. तुझ्या भेकराला त्रासही नाही. तुला हे पटायला हवं.

आत्या : अजिबात पटत नाही. माणसाला रान वाचता आलं नाही, तर तो रान वाचवायलाही येणार नाही. सगळा खेळ गल्ल्यांत गेला तर पुढच्या पिढीला रान हे टीव्हीवरचं चित्र होईल. माझं भांडण लोक रानात येतात याच्याशी नाही. तुम्ही त्यांना नेताना कोणत्या प्रश्नापासून सुरुवात करता, याच्याशी आहे. तुझ्या सगळ्या बोलण्यात मला एकच प्रश्न ऐकू आला, कंट्रोल कुठे लावायचा. कुठे लावायचा नाही, हा प्रश्न कुठे आहे?

भाचा : आहे, आत्या. मघाशी सांगायला हवं होतं. नकाशावर काही पट्टे आम्ही आधीच बाजूला काढतो. मोठ्या स्पर्धेच्या रानात प्राण्यांना आसरा घेता यावा म्हणून मोकळे ठेवलेले भाग. तिथे कंट्रोल नसतो आणि तिथून कुणाचा मार्गही जात नाही. शिकारी मंडळी सांगतात, मूस उठली की कोणत्या बाजूला जाते. त्या बाजूची वाट आम्ही बंद करत नाही.

आत्या : आता बोललास! पण कंट्रोल नाही एवढ्याने भागत नाही. माणसं कंट्रोलवर कमी वेळ असतात, दोन कंट्रोलांच्या मधे जास्त. तू दोन टोकांना दोन खांब लावलेस आणि मधे दलदल असेल, तर चपळ माणूस दलदलीतून जाणार. मग तू दलदलीत कंट्रोल लावला नाहीस म्हणून काय झालं?

भाचा : मार्ग आखणाऱ्याचं खरं कसब तिथेच आहे. मी दोन खांब ठरवतो तेव्हा चांगला खेळाडू कोणत्या बाजूने जाईल ते मनात धावून बघतो. दलदलीतून जाणं फायद्याचं ठरत असेल, तर एक कंट्रोल सरकवतो, म्हणजे वळसा घालून जाणंच शहाणपणाचं ठरतं. शिवाय कंट्रोल असा असावा लागतो की बाहेर पडणारा माणूस आत येणाऱ्याच्या समोरून जाऊ नये, नाहीतर तो न विचारता वाट दाखवतो. शेवटचा कंट्रोल तर सगळ्यांचाच असतो. तिथून शेवटच्या रेषेपर्यंत प्रत्येक जण धावणार. म्हणून ती जमीन कठीण हवी, शेवाळाची किंवा ओली नको.

आत्या : मग न्यायाचा नियम आणि रानाचा नियम एकाच हाताने पाळता येतात. पंच असेल त्या माणसाला दोन्ही दिसायला हवेत, एवढंच. आता संख्येचं बोल. ओ-रिंगेनला कितीपर्यंत माणसं गेली आहेत?

भाचा : 1965 साली पहिल्या वर्षी 156 जण होते. 1985 मध्ये फालूनला 25,000 हून अधिक. इतकी दर वर्षी येत नाहीत. पण संख्या कमी करा, हे मला मान्य नाही. विश्वविजेतेपदाच्या वेळी खांब लावायला, पार्किंगला, निकालाच्या संगणकावर, पाण्याच्या टाक्यांपाशी जे लोक उभे असतात ते क्लबातले साधे सभासद असतात, सगळे बिनपगारी. ते येतात कारण त्यांना, त्यांच्या मुलांना आणि आजोबांनाही धावायला स्वतःचा मार्ग असतो. हा खेळ निवडक शंभर जणांचा केला तर दोन पिढ्यांत तो उभा करायला माणसं उरणार नाहीत.

आत्या : मी शंभरांचा करा म्हणत नाही. संख्या रानाने ठरवावी म्हणते. एका रानाला पाच हजार झेपतील, दुसऱ्याला पाचशे. तुम्ही ती कशावरून ठरवता? वाहनतळ, मंडप आणि हॉटेलच्या खोल्यांवरून.

भाचा : त्यावरूनही ठरते, नाही म्हणणार नाही. पण जमीनमालक आणि वनखातं यांचा नकार आम्ही पाळतोच.

आत्या : बाहेरच्याने नाही म्हणणं वेगळं. तुमच्या आयोजन समितीत, टेबलाभोवती बसलेल्यांपैकी, रानासाठी नाही म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

भाचा : आमच्या समितीत? जबाबदारी सगळ्यांची आहे.

आत्या : मग कुणाचीच नाही. न्यायासाठी तुम्ही एक माणूस नेमता, त्याच्या शब्दावर शर्यत थांबते. रानासाठीही तसाच एक नेमा. त्याला नकाशावरून कंट्रोल खोडायचा अधिकार द्या, मग तो कंट्रोल कितीही देखणा असो.

भाचा : अधिकार द्यायला माझी हरकत नाही, पण एका अटीवर. त्याने आक्षेप नकाशाच्या टप्प्यावर घ्यायचे. मार्ग ठरून गेल्यावर, शेवटच्या आठवड्यात एक कंट्रोल काढला तर सगळ्या शर्यतीचा तोल जातो. रिलेमध्ये तर संघांना वेगवेगळ्या जोडण्या दिलेल्या असतात, म्हणजे एकमेकांच्या मागे जाता येऊ नये. शेवटी सगळ्यांचं अंतर सारखं भरावं लागतं. एक खांब उशिरा हलला की तो हिशेब कोसळतो, आणि मग जो माणूस अर्धं जग ओलांडून आला आहे त्याच्यावर अन्याय होतो.

आत्या : अट योग्य आहे. रानालाही शेवटच्या आठवड्यातला गोंधळ नको असतो. पण मग माझीही अट ऐक. तो माणूस मार्ग आखणाऱ्याच्या आधी रानात गेला पाहिजे. किमान दोन ऋतूंत. पिलांच्या दिवसांत एकदा, आणि स्पर्धा ज्या महिन्यात आहे त्या महिन्यात एकदा, आदल्या वर्षी. आणि स्पर्धा झाल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे आपण काय मोडलं ते त्याच डोळ्यांनी बघता येईल.

भाचा : स्पर्धेनंतरची फेरी आम्ही करतो, पण कचरा आणि फिती गोळा करायला. जमिनीचं काय झालं हे लिहून ठेवायला नाही. हे मी पुढच्या बैठकीत मांडेन. संख्येच्या बाबतीत मात्र माझं मत बदललेलं नाही.

आत्या : नको बदलूस. संख्येवर आपण आणखी भांडू. पण खोडरबर हातात असलेला माणूस पहिल्याच बैठकीला बसव. तो तिथे असेल, तर पाच हजार की पाचशे हा प्रश्न तुमच्या टेबलावर आपोआप येईल आणि त्याचं उत्तर कुणालातरी द्यावं लागेल.